गुणागणिक हलणारा भाव

१४ जुलै २०१९ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात, पाचव्या सेटमध्ये रॉजर फेडरर ८-७ असा पुढे होता. सर्व्हिस त्याचीच होती आणि पंचांनी ४०-१५ पुकारलं होतं. विजेतेपदासाठी हाताशी दोन गुण होते. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि नोव्हाक जोकोविचने कोपऱ्यातून तिरका फोरहँड त्याच्या बाजूने काढला. थोड्याच वेळात ८-८ झालं आणि १२-१२ नंतरच्या टायब्रेकरमध्ये जोकोविचने ७-३ अशी बाजी मारली. ४ तास ५७ मिनिटांच्या त्या लढतीत फेडररने २१८ गुण जिंकले होते, जोकोविचने २०४. जास्त गुण घेणारा हरला.

आता हिशेब करू. हिरवळीवर चांगली सर्व्हिस असलेला खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर साधारण दहातले सात गुण घेतो. एवढं एकच गृहीत धरलं, तर ४०-१५ वरून तो गेम राखण्याची शक्यता ९८.६ टक्के येते. गेम गेलाच तरी ८-८ म्हणजे बरोबरी, तिथेही अर्धी आशा उरते. सगळं मिळून ९९.३ टक्के. सामना चालू असताना सट्टा घेणाऱ्यांच्या भाषेत हा भाव झाला १.००७, म्हणजे १०० पौंड लावा आणि फेडरर जिंकला तर १०० पौंड ७० पेन्स परत घ्या. इंग्लंडमधल्या सट्टेबाजारावर इतका बारीक भाव मांडताच येत नाही, तिथली सगळ्यात खालची पायरी १.०१ ची आहे. त्या पायरीवर कुणीतरी फेडररच्या विरुद्ध उभं राहिलं असेल, तर त्याने एक पौंड पणाला लावून शंभर कमावले असणार. असे लोक कायम असतात आणि बहुतेक वेळा त्यांचा तो एक पौंड जातो.

टेनिसवर सामना सुरू असताना पैसे लावण्याच्या ‘युक्त्या’ सांगणारं साहित्य उदंड आहे. ब्रेक झाला, म्हणजे सर्व्हिस भेदली गेली, की लावा, पहिला सेट हरलेल्या मानांकित खेळाडूवर लावा, सर्व्हिस करणारा ०-४० झाला की थांबा. या युक्त्यांमागे काय आहे हे पाहायचं, तर आधी टेनिसची गुणपद्धत समजून घ्यावी लागते. सट्ट्याच्या दृष्टीने टेनिससारखा दुसरा खेळ नाही, आणि त्याचं सगळं श्रेय किंवा दूषण या गुणपद्धतीकडे जातं.

फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात. क्रिकेटमध्ये खेळपट्टी, नाणेफेक, पाऊस, उरलेली षटकं असं बरंच काही भावात मिसळतं. टेनिसमध्ये मात्र दोन माणसं, एक चेंडू आणि दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक निकाल. बरोबरीत सामना सुटत नाही, घड्याळ संपत नाही. एक गुण जिंकण्याची शक्यता माहीत असली, की त्यावरून गेमची, गेमवरून सेटची आणि सेटवरून सामन्याची शक्यता कागदावर काढता येते. यासाठी लागणारं गणित अकरावी-बारावीच्या पातळीचं आहे.

सर्व्हिस करणारा प्रत्येक गुण ५० टक्के शक्यतेने जिंकत असेल तर गेमही ५० टक्केच. गुणाची शक्यता ६० टक्के झाली की गेम राखण्याची शक्यता जवळपास ७४ वर जाते. गुण ६५ टक्के, तर गेम ८३. गुण ७० टक्के, तर गेम ९०. गुणातला लहान फरक गेममध्ये फुगतो, सेटमध्ये आणखी फुगतो आणि सामन्यात तर चांगलाच. फेडररनेच जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं की त्याने एकेरीचे जवळपास ८० टक्के सामने जिंकले, पण गुण मात्र ५४ टक्केच. तरण्या पदवीधरांना त्याला धीर द्यायचा होता. सट्ट्याचा भाव काढणाऱ्यांना ही गोष्ट त्याच्या आधीपासून तोंडपाठ होती.

शिवाय सगळे गुण सारख्या वजनाचे नसतात. ६५ टक्के सर्व्हर घ्या. तो ४०-० वर असताना गेम राखण्याची शक्यता ९९ टक्के आहे. पुढचा गुण गेला तरी ती ९७ च्या वरच राहते, म्हणून भाव जागचा हलत नाही. तोच खेळाडू ३०-३० वर असेल तर शक्यता ७७.५. (३०-३० आणि ड्यूस गणिताने एकच आहेत, दोन्हीकडून सलग दोन गुणांचीच गरज.) इथे गुण मिळाला तर ९२, गेला तर ५०. एका चेंडूवर ४२ टक्क्यांचं अंतर. ०-४० वर असलेल्याकडे अजूनही २१ टक्के शक्यता असते, टीव्हीवरचा समालोचक ती नेहमी विसरतो. टेनिस पाहताना आपला श्वास ३०-३० ला किंवा ३०-४० ला अडकतो, ४०-० ला अडकत नाही. आपल्या मनाला गणित न करताच हे वजन कळत असतं.

मैदानाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांच्या खेळाप्रमाणे हे गणित पुन्हा बदलतं. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये सर्व्हिस करणारा साधारण पाचातले चार गेम राखतो, महिलांमध्ये हे प्रमाण तिनात दोनच्या आसपास असतं. त्यामुळे पुरुषांच्या सामन्यात हिरवळीवर एकदा सर्व्हिस भेदली गेली की सेट बहुधा तिकडेच जातो. महिलांच्या सामन्यात, विशेषतः लाल मातीवर, भेदलेली सर्व्हिस पुढच्याच गेममध्ये परत मिळणं रोजचं आहे. दोन्हीकडे एकच ‘ब्रेक झाला की लावा’ हा मंत्र जपणाऱ्याने टेनिस नीट पाहिलेलं नसतं.

गुणपद्धतीची गंमत पाहायची तर २०१० मधला विम्बल्डनचा जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना आठवावा. तीन दिवस, ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. माहूने ५०२ गुण घेतले, इस्नरने ४७८. जिंकला इस्नर. दोघांचीही सर्व्हिस इतकी दणकट होती की गेम राखले जात राहिले आणि सामना पुढे सरकेना. ब्रेकवर नजर ठेवून बसलेल्या सट्टेबाजाला त्या पाचव्या सेटमध्ये १३८ गेमांत एकदाच, अगदी शेवटी, काम मिळालं.

या सगळ्या गणिताचा पाया एका गृहीतकावर उभा आहे: प्रत्येक गुण स्वतंत्र आहे, मागच्या गुणाची सावली पुढच्यावर पडत नाही. कोर्टावर खेळलेला कुणीही याला हसेल. हात सुटतो, हात अडकतो, डोक्यात काहीतरी शिरतं. नेदरलँड्समधले अर्थमितीचे दोन अभ्यासक, फ्रांक क्लासेन आणि यान माग्नुस, यांनी हेच तपासलं. १९९२ ते १९९५ मधल्या विम्बल्डनच्या सामन्यांतले सुमारे ९० हजार गुण त्यांनी छाननीला घेतले आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागचा गुण जिंकलेल्याला पुढच्या गुणात थोडा फायदा मिळतो, आणि महत्त्वाच्या गुणावर सर्व्हरला गुण काढणं थोडं जड जातं, असं त्यांना आढळलं. पण हा ‘थोडा’ खरोखरच थोडा निघाला. अव्वल खेळाडूंमध्ये तो दुबळ्या खेळाडूंपेक्षाही कमी होता. म्हणजे गृहीतक काटेकोरपणे पाहता चूक आहे, पण भाव काढायला पुरेसं बरोबर आहे. ‘आता वारं फिरलं’ असं म्हणत पैसे लावणाऱ्याला यातून फारसं काही हाती लागत नाही. वारं फिरतं, पण झुळूक असते ती.

आता भाव मांडणाऱ्याकडे वळू. साधा बुकी दोन्ही खेळाडूंना १.९० देतो. प्रत्येकाची शक्यता ५२.६ टक्के झाली, बेरीज १०५.२. शंभराच्या वरचे ते पाच टक्के ही बुकीची आडत. पैसे लावणाऱ्याची सुरुवातच या खड्ड्यातून होते. जून २००० मध्ये लंडनमध्ये अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी बेटफेअर सुरू केलं आणि मामला बदलला. इथे बुकी नाही, पैसे लावणारे एकमेकांशीच सौदा करतात. एक खेळाडूवर लावतो, दुसरा तेच खातो, म्हणजे तो खेळाडू हरेल यावर पैज घेतो. आपल्याकडच्या सट्टेबाजारात याला लगाई-खाई म्हणतात. कंपनी फक्त जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापते. शेअरबाजारासारखी मांडणी झाल्यावर शेअरबाजारासारखीच माणसं आली. ‘कोण जिंकेल’ याच्याशी त्यांना फारसं घेणंदेणं नव्हतं. ‘पुढच्या पाच मिनिटांत भाव कुठे जाईल’ एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांची आवडती खेळी अशी. सामन्याआधी एका खेळाडूचा भाव २.५० आहे, म्हणजे बाजाराच्या मते त्याची शक्यता ४० टक्के. त्यावर १०० पौंड लावायचे. त्याने प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदली, भाव घसरून १.६० वर आला, शक्यता ६२.५ झाली. आता त्याच खेळाडूचे १५६ पौंड २५ पेन्स १.६० ला खायचे. तो जिंकला तर पहिल्या सौद्यात १५० मिळाले, दुसऱ्यात ९३.७५ गेले, हाती ५६.२५. तो हरला तर १०० गेले, १५६.२५ आले, हाती पुन्हा ५६.२५. निकाल काहीही लागो, नफा बांधला गेला. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं की पैशाचं झाडच सापडलं.

झाडाची दुसरी बाजूही तपासू. ब्रेक झालाच नाही, उलट आपल्याच खेळाडूची सर्व्हिस गेली आणि भाव ४.०० वर चढला, शक्यता २५ झाली. शिस्तीचा माणूस इथे तोटा कापतो: ६२ पौंड ५० पेन्स ४.०० ला खातो. मग कोणीही जिंको, तोटा ३७.५० वर थांबतो. नफा ५६.२५ आणि तोटा ३७.५० हे ऐकायला छानच आहे. पण ४० टक्क्यांवरून निघालेली शक्यता आधी ६२.५ ला पोहोचेल की आधी २५ ला? बाजाराचा भाव खरा असेल तर वर जाण्याची शक्यता ४० टक्के आणि खाली जाण्याची ६० टक्के निघते. चाळीस टक्के वेळा ५६.२५ म्हणजे सरासरी २२.५०. साठ टक्के वेळा ३७.५० म्हणजेही सरासरी २२.५०. पै-पैशाचा हिशेब जुळतो आणि उरतं शून्य. त्यातून कमिशन वजा जातं.

नफ्याची पातळी बदलून पाहा, तोट्याची बदलून पाहा, उत्तर शून्यच येतं. खेळी कितीही शिताफीची असली तरी ती फक्त नफा-तोट्याचा आकार बदलते, लहान-लहान नफे आणि क्वचित मोठा तोटा, किंवा उलट. सरासरी जागेवरच राहते. सरासरी बदलायची तर भाव चुकीचा असायला हवा आणि तो चुकीचा आहे हे तुम्हाला इतरांच्या आधी कळायला हवं. मला वाटतं, युक्त्यांवरच्या सगळ्या साहित्यात न सांगितलेली गोष्ट ही आहे.

पहिला सेट हरलेल्या मानांकित खेळाडूवर लावायच्या युक्तीचंही हेच होतं. सामन्याआधी ज्याची शक्यता ८० टक्के होती, तो तीन सेटच्या सामन्यात पहिला सेट हरला की गणिताने ५१ टक्क्यांवर येतो. भाव १.२५ वरून १.९७ च्या आसपास जायला हवा, आणि बाजारात तो साधारण तेवढाच जातो. पाच सेटच्या सामन्यात आधी तेवढीच शक्यता असलेल्या खेळाडूकडे ६० टक्के उरतात, कारण सावरायला जागा जास्त. ‘केवढा स्वस्त मिळतोय’ म्हणून धावणाऱ्याला स्वस्त काहीच मिळत नसतं. उलट तो सेट हरला कशामुळे, हा प्रश्न राहतो. मांडीला पट्टी आहे का, दुसरी सर्व्हिस मंदावली आहे का, दोन गुणांच्या मध्ये तो पाठ धरतोय का? हे गणिताला दिसत नाही, कोर्टाजवळच्या माणसाला दिसतं. ३ जून २०२२ ला पॅरिसमध्ये राफाएल नदालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अलेक्झांडर झ्वेरेव पहिला सेट टायब्रेकरवर गमावूनही दुसऱ्यात ६-६ पर्यंत झुंजत होता. एका चेंडूमागे धावताना त्याचा घोटा मुरगळला आणि सामना संपला. अशा वेळी भावाला पायऱ्या उतरायला वेळच मिळत नाही. त्यात नियमांची आणखी एक मेख असते: खेळाडूने सामना अर्धवट सोडला तर काही कंपन्या एक सेट पुरा झाला असल्यास सौदा धरतात, काही सामना पुरा झाला नाही म्हणून पैसे परत करतात. लावणाऱ्यांपैकी किती जण हे आधी वाचतात, देव जाणे.

तर मग इतरांच्या आधी कळतं कुणाला? सगळ्यात आधी स्टँडमध्ये बसलेल्याला. चेंडू रेषेबाहेर पडला की त्याला ते त्याच क्षणी दिसतं. पंच खुर्चीतून गुण पुकारतात, समोरच्या उपकरणावर बोट टेकवतात, तो आकडा डेटा कंपनीकडे जातो आणि तिथून बुकींकडे. उपग्रहावरून येणारं चित्र काही सेकंद मागे असतं, इंटरनेटवरचं त्याहूनही बरंच मागे. मोबाइलवर सामना पाहत ‘आता लावतो’ म्हणणारा माणूस खरं तर भूतकाळ पाहत असतो. याच कारणाने सट्टेबाजार चालू सामन्यातला प्रत्येक सौदा काही सेकंद रोखून धरतो. त्या अवधीत गुण संपला, तर ज्यांना आधी कळलं ते आपले भाव मागे घेऊन मोकळे होतात.

या सेकंदांच्या फटीतून एक अख्खा धंदा उभा राहिला. कोर्टाशेजारी बसून खिशातल्या बटणाने गुण कळवणारी माणसं जगभर फिरू लागली. जानेवारी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनदरम्यान मेलबर्नमध्ये एका तरुण ब्रिटिश माणसाला पोलिसांनी धरलं, कपड्यांत शिवलेल्या उपकरणातून तो गुण पाठवत असल्याचं सांगण्यात आलं. व्हिक्टोरिया राज्याने क्रीडा भ्रष्टाचाराविरुद्ध नुकताच कायदा केला होता, त्याखाली आरोप लागला. मार्चमध्ये तो मागे घेण्यात आला. माझ्या मते ते योग्यच झालं. सर्वांसमोर पडलेला चेंडू पाहून कुणाला तरी सांगणं, हे तिकिटावरच्या अटी मोडणारं असेल, पण सामन्याच्या निकालाशी त्याने छेडछाड केलेली नसते. त्याला बाहेर काढावं, तुरुंगात कशाला?

पंचांनीच बोट उशिरा टेकवलं तर मात्र गोष्ट वेगळी होते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धांत काही पंच गुण नोंदवायला एक मिनिटापर्यंत उशीर करत होते, असं २०१६ मध्ये उघड झालं. त्या मिनिटात साथीदार पुढचा निकाल माहीत असताना पैसे लावत. कझाकस्तानमधल्या एका पंचावर त्याआधीच आजीवन बंदी आली होती, पण त्याबद्दल तोवर बाहेर कुणाला काही सांगितलं गेलं नव्हतं. इथे ‘आधी कळणं’ विकत घेतलेलं होतं.

त्याहून पुढची पायरी म्हणजे निकालच आधी ठाऊक असणं. टेनिसला हादरा बसला तो २ ऑगस्ट २००७ ला, पोलंडमधल्या सोपोटच्या स्पर्धेत. जगातला चौथ्या क्रमांकाचा निकोलाय डेव्हिडेन्को अर्जेंटिनाच्या मार्टिन वासालो अर्ग्वेयोशी खेळत होता, अर्ग्वेयोचा क्रमांक ८७. डेव्हिडेन्कोने पहिला सेट ६-२ घेतला. गणिताने त्याचा भाव कोसळायला हवा होता, पण पैसे अर्ग्वेयोकडेच वाहत राहिले. डेव्हिडेन्को दुसरा सेट ३-६ हरला आणि तिसऱ्यात १-२ असताना पायाच्या दुखापतीमुळे थांबला. असल्या स्पर्धेच्या मानाने बेटफेअरवरची उलाढाल अफाट होती, ३० लाख पौंडांच्या वर. कंपनीने सगळे सौदे रद्द केले, असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेने वर्षभर चौकशी केली आणि सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही खेळाडूंविरुद्ध पुरावा नसल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. भाव संशय दाखवू शकतो, गुन्हा सिद्ध करू शकत नाही. त्याच वर्षी टेनिसची स्वतंत्र सचोटी शाखा उभी राहिली, आणि २०२१ पासून ती इंटरनॅशनल टेनिस इंटिग्रिटी एजन्सी म्हणून ओळखली जाते.

सोपोटचं नाव गाजलं, पण खरा रोग वरच्या पातळीवर नव्हताच. तो पाहायला विम्बल्डनला जायची गरज नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं भरते आहे. पात्रता फेरीच्या सकाळी तिथे प्रेक्षक मोजके असतात: काही पालक, प्रशिक्षक, क्लबचे जुने सभासद, रॅकेटची बॅग पाठीवर टाकून आलेली शाळकरी मुलं. कोर्टावर दोन मुली, ज्यांची नावं वर्तमानपत्रात दोन ओळींत येतील किंवा येणारही नाहीत. अशा असंख्य सामन्यांचे गुण महासंघाने जगभरच्या सट्टा कंपन्यांपर्यंत पोहोचू दिले. २०१२ पासून पाच वर्षांसाठी स्पोर्टरडार या डेटा कंपनीशी करार झाला होता. प्रेक्षक नसलेल्या सामन्याला अचानक सट्ट्याची बाजारपेठ मिळाली.

त्या मुलींचा जमाखर्च पाहा. पहिल्या फेरीत हरलं तर मिळणारी रक्कम प्रवासाला आणि हॉटेलला पुरत नाही. २०१६ मध्ये नेमलेल्या आणि वकील अॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने डिसेंबर २०१८ च्या अंतिम अहवालात सांगितलं, की जगातले साधारण पहिले २५० ते ३५० खेळाडूच या खेळात खर्च भागवू शकतात. समितीने ३,२०० खेळाडूंना प्रश्न विचारले, त्यातल्या ४६४ जणांनी आपल्याला सामना-निश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचं सांगितलं. खालच्या पातळीवरचा डेटा विकल्याने रोग पसरला, असं समितीचं स्पष्ट मत होतं आणि सगळ्यात तळाच्या स्पर्धांच्या गुणांची विक्री थांबवा अशी शिफारसही तिने केली.

गुणपद्धत इथे पुन्हा आडवी येते. फुटबॉलमध्ये गोल खाल्ला तर सामना हातचा जाऊ शकतो. टेनिसमध्ये दुसऱ्या सेटचा तिसरा गेम देऊन टाकला तरी सामना जिंकता येतो. म्हणूनच दलाल खेळाडूला अनेकदा ‘सामना हर’ असं सांगत नाहीत, ‘तिसऱ्या गेममध्ये सर्व्हिस गमाव’ एवढंच सांगतात. दोन दुहेरी चुका, एक नेटमध्ये मारलेला फोरहँड, काम झालं. बेल्जियममध्ये राहणाऱ्या ग्रिगोर सार्गस्यानने अशाच मार्गाने १८० हून अधिक खेळाडूंचं जाळं विणलं होतं, २०२३ मध्ये तिथल्या औडनार्डच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. एका गेमची किंमत काही वेळा त्या खेळाडूच्या आठवडाभराच्या बक्षिसापेक्षा जास्त असायची. हे वाचून खेळाडूंबद्दल चीड येते तशी कीवही येते.

आपल्याकडे हा सगळा व्यवहार बेकायदाच आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा जुना, तो मोबाइलच्या काळासाठी लिहिलेला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे, जाहिराती आणि त्यासाठीच्या बँक-व्यवहारांवरही बंदी आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

पैसे हरलेल्यांचा राग कुठे निघतो हेही आता मोजलं गेलं आहे. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०२४ मधल्या समाजमाध्यमांवरच्या मजकुराची तपासणी करून घेतली. ४५८ खेळाडूंना मिळून सुमारे ८ हजार शिवीगाळीचे किंवा धमकीचे संदेश आले होते, आणि त्यातले ४० टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. खेळाडू जिंकली तरी शिव्या येतात, कारण कुणीतरी ती दोन सेटमध्ये जिंकेल म्हणून लावलेले असतात आणि तिने तिसरा सेट खेळलेला असतो. या आकड्यांसोबत दोन्ही संघटनांनी सट्टा उद्योगाला चर्चेचं आवाहन केलं. त्याच उद्योगापर्यंत टेनिसचा प्रत्येक गुण पैसे मोजून पोहोचतो.